वेदगंगेच्या खोऱ्यातील हिवाळी पक्षी

दसऱ्याचे सोने लुटून झाले, भाताच्या लोंब्या वाकू लागल्या आणि पहाटे वेदगंगेच्या पात्रावर धुके उतरू लागले, की आपल्या खोऱ्यात दूरदेशीचे पाहुणे येऊन उतरतात. त्यांच्या आगमनाची वर्दी कोणी देत नाही. ते आले केव्हा आणि गेले केव्हा, हे बहुतेकांना कळतही नाही. शाळेच्या कौलांवर बसून सारखी शेपटी थरथरविणारा काळा-तांबूस पक्षी हिमालयाकडून आला आहे, किंवा नदीच्या घाटावर धुणे धुणाऱ्या बायकांच्या आसपास तुरुतुरु धावणारा मूठभर जीव चार महिन्यांपूर्वी एखाद्या बर्फाळ डोंगरातील ओढ्याकाठी आपली पिले वाढवीत होता, असे सांगितले तर पुष्कळांना ती थट्टा वाटते. या पाहुण्यांची ओळख करून द्यावी, ते येथे का येतात हे सांगावे आणि पुढेही ते येत राहतील काय, याचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपला मुलूख पाहू. वेदगंगा भुदरगडच्या सह्याद्रीत उगम पावते, गारगोटी व मुरगूड या बाजूने वाहत यमगर्णीजवळ महामार्गाच्या पुलाखालून जाते आणि पुढे दूधगंगेस मिळून कृष्णेकडे जाते. दक्षिणेस हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात निघते आणि आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत घटप्रभेच्या भेटीस जाते. आंबोलीस वर्षाकाठी सरासरी ७,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस गोकाककडे त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही पडत नाही. म्हणजे एका दिवसाच्या प्रवासात घनदाट रान, भाताची खाचरे, काळ्या मातीतील शाळू आणि शेवटी खुरट्या गवताचा माळ असे चार देश आपण ओलांडतो. निपाणीहून बेळगावकडे जाताना स्तवनिधीच्या घाटात क्षणभर थांबून मागे वळून पाहिले, तर या चारांपैकी मधले दोन देश नजरेच्या टप्प्यात येतात. पक्ष्यांच्या दृष्टीने ही एक मोठी पंगतच आहे, आणि प्रत्येक जातीचे पान वेगळे वाढलेले आहे.

थंडी सोसवत नाही म्हणून हे पक्षी दक्षिणेकडे येतात, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. पिसांचा अंगरखा असलेल्या प्राण्याला नुसत्या थंडीचे फारसे भय नसते; त्याला भय असते ते उपासमारीचे. उत्तरेकडे हिवाळ्यात जमीन गोठते, पाण्यावर बर्फ धरतो, किडे-अळ्या दिसेनाशा होतात आणि दिवस इतका लहान होतो की अन्न शोधायला वेळही पुरत नाही. मग ते कायमचे येथेच का राहत नाहीत? कारण उन्हाळ्यात त्याच उत्तरेस दिवस फार मोठा असतो, कीटकांची रेलचेल असते आणि पिलांना भरविण्यास भरपूर अवधी मिळतो. घरटे तिकडे आणि हिवाळी बिऱ्हाड इकडे, अशी ही व्यवस्था आहे. निघण्याची सूचना त्यांना थंडीने नव्हे, तर दिवसाच्या लांबीने मिळते. दिवस लहान होऊ लागला की शरीरात बदल घडतात, भूक वाढते, कातडीखाली चरबीचा थर साठतो. ती चरबी म्हणजेच प्रवासाची शिदोरी.

रस्ता कसा सापडतो, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व या तिन्हींचा उपयोग पक्षी करतात, असे प्रयोगांवरून दिसून आले आहे. त्यातला एक प्रयोग मोठा मनोरंजक आहे. स्टीफन एम्लेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने पिंजऱ्यात वाढविलेले लहान पक्षी कृत्रिम तारांगणात ठेवले. काही पिलांना त्याने असे आकाश दाखविले की ज्यात सर्व तारे ध्रुवाऐवजी मृग नक्षत्रातील काक्षीभोवती फिरत होते. त्या पिलांनी मोठेपणी काक्षीचीच दिशा उत्तर मानली! म्हणजे ध्रुवतारा त्यांना जन्मतः ठाऊक नसतो. जो बिंदू जागचा हलत नाही तो ध्रुव, हे ते आकाश पाहून शिकतात. भूगोलाच्या तासाला ध्रुव न सापडणाऱ्या मंडळींनी यावर विचार करावा.

आता आपल्या पाहुण्यांकडे वळू. सर्वांत ओळखीचा धोबी. सारखी शेपटी वरखाली आपटीत तो पाण्याच्या कडेने धावतो, म्हणून त्याला हे नाव. परंतु घाटावर दिसणारा प्रत्येक धोबी पाहुणा नव्हे. काळ्या डोक्याचा, पांढऱ्या ठसठशीत भुवईचा मोठा धोबी बारमाही येथलाच रहिवासी आहे. नदीतल्या खडकांच्या सांदीत तो घरटे बांधतो. करडा धोबी मात्र खरा प्रवासी. पोटाखाली पिवळा, पाठीवर राखी आणि लांब शेपटीचा हा पक्षी पाऊस पुरता संपण्यापूर्वीच, सप्टेंबरात, येऊन दाखल होतो आणि रानातले ओढे पसंत करतो. त्याच्यामागून पांढरा आणि पिवळा धोबी येतात. पांढरा धोबी माणसाला बुजत नाही. तंबाखूच्या कोळपलेल्या सऱ्यांतून तो खुशाल फिरतो. पायात कडी घालून सोडलेले धोबी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच हिरवळीवर, त्याच अंगणात उतरल्याची उदाहरणे आहेत. हजारो मैलांवरून येऊन नेमके आपलेच अंगण ओळखावे, ही गोष्ट मला त्या प्रवासाहूनही अधिक विलक्षण वाटते.

कौलांवरचा तो शेपटी थरथरविणारा पक्षी म्हणजे काळा थिरथिरा. नाव त्याच्या सवयीवरूनच पडले आहे. बोरी-बाभळीच्या शेंड्यावर बसून दोन दगड एकमेकांवर आपटावेत असा आवाज काढणारा गप्पीदास, आणि नदीकाठच्या लव्हाळ्यांत लपणारा शंकर हे त्याचे समकालीन. शंकराच्या नराचा गळा निळा असतो. नीलकंठावरून हे नाव ज्याने ठेवले त्याच्या रसिकतेला दाद दिली पाहिजे. तारायंत्राच्या जुन्या तारा गेल्या आणि विजेच्या आल्या, पण माळभिंगऱ्यांच्या रांगा त्यांवर पूर्वीप्रमाणेच बसतात. यांची चुलत बहीण तारवाली भिंगरी मात्र येथलीच. पुलांच्या कमानीखाली तिचे मातीचे वाटीसारखे घरटे असते. युरोपात एके काळी मोठमोठे विद्वान असे मानीत की, भिंगऱ्या हिवाळ्यात तळ्याच्या चिखलात झोप घेतात.

शाळू निसवला की भोरड्या येतात, असे शेतकरी म्हणतात. वस्तुतः त्या पावसाळा सरता सरताच देशात आलेल्या असतात. कणसात दाणा भरला की आपल्या लक्षात येतात, इतकेच. गुलाबी अंग, काळे डोके आणि काळे पंख असलेली ही मैना मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून येते. सायंकाळी त्यांचे हजारोंचे थवे आकाशात असे वळतात, की जणू एखादे कापड वाऱ्यावर झटकले जात आहे. हे दृश्य पाहून पाहणारा थक्क होतो, आणि शाळूचा मालक गोफण उचलतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. भोरड्या दाणे खातात हे खरे. पण टोळ, नाकतोडे आणि अळ्याही त्या तितक्याच आवडीने खातात. चीनमधील शिंज्यांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून या पक्ष्यांनी घरटी करावीत, यासाठी मुद्दाम दगडांचे ढिगारे रचून देतात. एकच पक्षी एका देशात राखणदार ठरतो आणि दुसऱ्या देशात चोर.

गवताच्या माळावर जमिनीपासून हात-दोन हात उंचीवरून संथपणे तरंगत जाणारा, लांब पंखांचा ससाण्यासारखा पक्षी दिसला तर तो भोवत्या समजावा. नाकतोडे, सरडे, उंदीर हे त्याचे भक्ष्य. हा पक्षी झाडावर झोपत नाही. रात्री अनेक भोवत्ये उंच गवतात जमिनीवरच एकत्र मुक्काम करतात. माळाला आग लावली किंवा तो नांगरला, की त्यांची धर्मशाळाच मोडली. आपल्याकडे माळ म्हणजे पडीक जमीन, असा एक समज रूढ झाला आहे. सरकारी दप्तरात तो शब्द कसाही असो, पक्ष्यांच्या दप्तरात ती भरल्या घराची जागा आहे.

मोठे पाणपक्षी पाहावयाचे असतील तर गोकाक तालुक्यात धुपदाळला जावे. तेथे घटप्रभेवर बंधारा आहे आणि त्याच्या मागे साचलेल्या पाण्याभोवती घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. कांड्या करकोचा आणि पांढरा करकोचा या दोन हिवाळी पाहुण्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. येथे एका घोटाळ्याचा उलगडा केला पाहिजे. मराठीत आपण दोघांनाही करकोचाच म्हणतो. पण ही दोन निराळी कुळे आहेत. कांड्या करकोचा क्रौंचाच्या कुळातला. त्याचा आवाज कर्कश व दूरवर जाणारा, घरटे जमिनीवर, आणि मागचे बोट आखूड व वर असल्याने तो फांदी पकडून बसूच शकत नाही. पांढरा करकोचा जवळजवळ मुका. बोलायचे झाल्यास तो चोचीच टाळ्यांप्रमाणे वाजवितो, आणि घरटे मात्र उंच झाडावर किंवा घराच्या छपरावर करतो. तेव्हा झाडावर बसलेला ‘कांड्या’ पाहिल्याचे कोणी सांगितले तर त्यास पुन्हा एकदा पाहावयास पाठवावे.

कांड्या करकोचे मंगोलिया आणि कझाकस्तानच्या गवताळ मैदानांत पिले वाढवितात आणि हिमालय ओलांडून येतात. नेपाळातील काली गंडकीची खोल दरी हा त्यांच्या वाटांपैकी एक दिंडी दरवाजा आहे. राजस्थानातील खीचन गावी त्यांना रोज दाणे घालण्याची रीत आहे व तेथे ते हजारोंनी जमतात. आपल्याकडे असे अन्नछत्र नाही. कापणी झालेल्या शेतात सांडलेला दाणा आणि भुईमुगाच्या राहिलेल्या शेंगा यांवर ते निर्वाह करतात. पूर्वेस गदग जिल्ह्यातील मागडीच्या तलावावर पट्टकदंब नावाचे हंस येतात. त्यांच्या अंगावर यंत्र बसवून केलेल्या अभ्यासात ७,००० मीटरहून अधिक उंचीवर ते उडत असल्याची नोंद झाली आहे. मागडीचा तो तलाव २०२४ साली रामसर यादीत समाविष्ट झाला.

पांढऱ्या करकोच्याने तर विज्ञानावर फार मोठे उपकार केले आहेत. १८२२ साली जर्मनीत एक करकोचा मारला गेला, तेव्हा त्याच्या मानेत आरपार गेलेला लाकडी भाला सापडला. तो भाला मध्य आफ्रिकेतील बनावटीचा होता. मानेत भाला घेऊन तो पक्षी आफ्रिकेतून युरोपात परतला होता! रोस्टोक येथील विद्यापीठात तो पेंढा भरून आजही ठेवलेला आहे. हिवाळ्यात पक्षी कोठे जातात, या जुन्या प्रश्नाला इतके ढळढळीत उत्तर तोवर कोणी दिले नव्हते. पुढे १८९९ साली डेन्मार्कमधील मोर्टेनसेन नावाच्या शाळामास्तराने पक्ष्यांच्या पायात क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घालण्यास आरंभ केला. तो शाळामास्तर होता, ही गोष्ट मी येथे मुद्दाम नमूद करतो.

आपल्या देशात हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते एका रोगामुळे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे पटापट मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला. आपण त्यास माकडताप म्हणतो; गेल्या काही वर्षांत दोडामार्ग आणि सत्तरी भागातील लोकांना त्याची कटू ओळख झाली आहे. या रोगाचे विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूंशी मिळतेजुळते आढळले, तेव्हा ते स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून आले असावेत अशी शंका निघाली. त्या शंकेचा तपास करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ साली डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. पक्ष्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाही. पण कोणता पक्षी कोठून येतो, याविषयी अमोल माहिती हाती आली. कुणा विद्यार्थ्यास मेलेल्या पक्ष्याच्या पायात असे कडे आढळले, तर त्यावरील अक्षरे व आकडे जसेच्या तसे उतरवून संस्थेस कळवावेत. जिवंत पक्ष्याचे कडे काढू नये.

आपल्या भागातील पक्ष्यांची पहिली तपशीलवार मोजदाद कोणी केली, हेही जाणून घेण्यासारखे आहे. बेळगावच्या छावणीत ई. ए. बटलर नावाचा एक लष्करी अधिकारी होता. त्याने मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागातील पक्ष्यांची यादी १८८१ साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. या नियतकालिकाचे संपादक म्हणजे ॲलन ह्यूम. १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. त्याच सभेचे अधिवेशन १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरले, हे प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. ह्यूमच्या पक्ष्यांविषयी मात्र कोणी बोलत नाही. बटलरचा काळ बंदुकीचा होता. पक्षी मारून हातात घेतल्याशिवाय त्याची जात निश्चित करीत नसत. आज साधी दुर्बीण ते काम करते आणि पक्षी जिवंत राहतो.

त्या जुन्या याद्यांचे मोल आज कळते, ते एका कारणासाठी. आपले खोरे गेल्या दोन पिढ्यांत पालटले आहे. नदीवर उपसा योजना झाल्या, पाणी उंचावर चढले, आणि शाळू-हरभऱ्याच्या जागी ऊस उभा राहिला. शेतकऱ्याने ऊस लावू नये असे म्हणण्याचा अधिकार पगारी मास्तराला नाही. त्याच्या मुलांच्या शाळेची फी त्याच उसातून येते. पण उसाचे आडसाली पीक दीड वर्ष रानात उभे असते. त्यात कापणीनंतरची मोकळी शेते नाहीत, सांडलेला दाणा नाही, भोवत्याला तरंगायला उघडी जागा नाही. शंकराला ओलसर उसाच्या कडा चालतात, किंबहुना आवडतात. करकोच्याला त्या चालत नाहीत. बदल सर्वांना सारखा बाधत नाही, आणि म्हणून तो नुसत्या नजरेने उमगतही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अहवालात ९४२ जातींचा विचार झाला. त्यांपैकी दीर्घकालीन कल निश्चित करता आला तो ३३८ जातींचा, आणि त्यांतील ६० टक्के जाती घटलेल्या आढळल्या. शिकारी पक्षी, स्थलांतरी पक्षी आणि माळरानावरचे पक्षी यांची स्थिती विशेष चिंताजनक आहे. हा अहवाल सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांनी लिहिलेल्या नोंदींवरून तयार झाला. त्यांत शास्त्रज्ञ थोडे, आणि तुमच्या-आमच्यासारखे हौशी लोकच पुष्कळ.

“पूर्वी पुष्कळ पक्षी यायचे,” असे आपले आजोबा सांगतात. ते खरेही असेल. परंतु ‘पुष्कळ’ हा आकडा नव्हे. म्हणून विद्यार्थ्यांनी एक वही घालावी. तारीख, वेळ, गाव, नदीचा काठ की माळ, किती पक्षी मोजले, ते काय खात होते किंवा करीत होते, एवढे लिहिले तरी पुरे. जो पक्षी ओळखला नाही त्याचे नाव अंदाजाने लिहू नये. त्याचा रंग, चोच आणि चाल लिहून ठेवावी. नावांची चिंता नको. आमच्या कोंकणीत पक्ष्याला सुकणें म्हणतात, शेजारी कन्नडमध्ये हक्की म्हणतात, आणि गावोगावी धनगरांची व कोळ्यांची नावे आणखी वेगळी असतात; ती सर्व टिपून घ्यावीत. मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांची अशी लोकांच्या तोंडची नावे रानोमाळ हिंडून गोळा केली, आणि त्यांतूनच मराठी पक्षिकोशाला समृद्धी आली. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोहोंमधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. पाहुणे नुकतेच येऊन स्थिरावलेले असतात, तेव्हा वहीचा आरंभ करण्यास तो काळ उत्तम आहे. दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणनाही होते. एखाद्या वर्गाने निपाणीचा जवाहर तलाव किंवा आपल्या गावचा बंधारा वाटून घेतला, तर दहा वर्षांत असा ऐवज जमेल की जो आज कोणत्याही कचेरीत नाही.

फाल्गुनात पळस आणि पांगारे फुलले की भोरड्या त्यांवर मधासाठी गर्दी करतात; परागांनी त्यांची काळी डोकी पिवळी होतात. याच सुमारास पांढऱ्या धोब्याच्या गळ्याखाली काळा पट्टा पसरू लागतो. तो त्याचा लग्नाचा पोशाख. थिरथिरा कौलांवरून नाहीसा होतो, आणि एप्रिल संपेपर्यंत घाट जवळजवळ रिकामा होतो. आगमनाची तारीख लिहिणे सोपे असते, कारण पक्षी दिसला की ती लिहिता येते. जाण्याची तारीख कठीण. आज दिसलेला धोबी शेवटचा आहे हे आज कळत नाही. ती मिळवावयाची तर तो दिसेनासा झाल्यावरही आठ-दहा दिवस रोज सकाळी घाटावर जाऊन वहीत शून्य लिहावे लागते.